मिठाचा हात

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असं म्हणतात. मला ठेच लागून झालीय, तेव्हा तुम्ही फुकटात शहाणे व्हा, एवढ्यासाठी हे लिहितेय. आमच्याच बिल्डिंगमध्ये गेल्या महिन्यात दोघांना डॉक्टरने 'मीठ कमी करा' सांगून घरी पाठवलं. दोघंही असं तोंड पाडून बसलेत, जणू जेवणच बंद झालंय. त्यांना मी जिन्यात उभं राहून जे सांगितलं, तेच इथे सांगते, जरा सविस्तर.

मी डोंबिवलीत पूर्वेला राहते. फरसाणाचा धंदा आहे. दुकान नाही, बिल्डिंगच्या तळमजल्यावर एक खोली घेतलीय. दोन मोठ्या कढया, आणि त्यांच्यापुढे मी आणि माझी धाकटी जाऊ शैला. चिवडा, शेव, चकली, शंकरपाळी. माल ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या कारखान्यांच्या कॅन्टीनमध्ये जातो, उरलेला इथेच घरोघरी.

आमच्या खोलीत पहिल्यापासून एक नियम आहे. मीठ एकीनेच घालायचं. दोघींनी घातलं तर दुप्पट पडतं, आणि 'तिने घातलं असेल' म्हणत दोघी थांबल्या तर पडतच नाही. म्हणून मिठाचा हात एकीचाच, आणि तो माझा. शैला तळेल, गाळेल, पॅकिंग करेल, पण मीठ घालणार मी, चाखणार मी, आणि 'जाऊ दे माल' म्हणणार मी. मला याचा गर्व होता, आणि का नसावा? आमचा चिवडा डोळे मिटून ओळखणारी माणसं आहेत.

अंगावर काढलं

गेल्या वर्षी जेवून आडवं पडलं की धाप लागायची. आधी एक उशी जास्त घेतली, मग दोन, मग भिंतीला टेकूनच झोपायला लागले. पाय सुजायचे. मला वाटायचं, दिवसभर कढईपुढे उभी असते, सुजतील नाहीतर काय होईल. शैला म्हणायची, ताई, चपलेचे पट्टे रुतलेत बघा. मी म्हणायची, चप्पल आटली असेल. आमच्या घरात आजारपण म्हणजे अंगावर काढायची गोष्ट.

एक दिवस जिना चढताना मध्येच बसले ती उठवेना. ह्यांनी रिक्षात घातलं आणि कल्याणच्या हॉस्पिटलला नेलं. डॉक्टर तरुण, माझ्या भाच्याच्या वयाचा. त्याने नडगीवर अंगठा दाबून काढला, तर खड्डा तसाच राहिला, कणकेत बोट रुतल्यासारखा. तपासण्या झाल्या आणि मग तो शांतपणे म्हणाला की हृदयाचं पंपिंग कमी झालंय, अंगात पाणी साठतंय, आणि मीठ ते पाणी धरून ठेवतं. औषधं मी देतो काकू, मीठ तुम्ही सोडा.

मी म्हटलं, डॉक्टर, माझा फरसाणाचा धंदा आहे.

तो आधी हसला. मी हसत नाही हे बघून थांबला. म्हणाला, 'चाखायचंच असेल तर चाखा आणि थुंकून टाका.'

'अन्न थुंकू?' मी विचारलं.

त्याने औषधांची चिठ्ठी लिहायला घेतली. हे खाली बघत होते.

खरं सांगते, हृदय कमजोर झालंय हे ऐकून मला रडू आलं नाही. रडू आलं ते बाहेर बाकावर बसल्यावर, आता चिवडा कोण चाखणार या विचाराने. वेडेपणा वाटेल. पण ज्या बाईची सगळी ओळख तिच्या जिभेवर आहे, तिला जीभ बाजूला ठेव म्हटलं तर ती कुठे जाईल? मी बरी होईन याची मला खात्री होती, मी तशी चिवट आहे. बरी होऊन खोलीत परत गेल्यावर माझं तिथे काम काय, हे मात्र कळत नव्हतं.

हॉस्पिटलातले दिवस

हॉस्पिटलात सकाळी उठल्या उठल्या वजन. वजन वाढलं की पाणी वाढलं. प्यायचं पाणी मोजून, बाहेर पडणारं पाणीही मोजून. पहिल्या दिवशी लाज वाटली, नंतर मीच सिस्टरला ओरडून आकडा सांगायला लागले. लाज ही गोष्ट वॉर्डच्या दाराबाहेरच राहते, नवीन जाणाऱ्यांनी घाबरू नये.

जेवण मात्र देवा रे. दुधीची भाजी, वरण, भात, सगळं आळणी. पहिला घास मी तोंडात फिरवत बसले. शेजारच्या कॉटवर खडवलीच्या एक मावशी होत्या, माझंच दुखणं, पण जुन्या. त्यांनी उशीखालून लिंबाची फोड काढली आणि माझ्या भाजीवर पिळली. म्हणाल्या, महिनाभर थांब, जिभेलाही विसरायला वेळ लागतो. त्या फोडीवर मी ते जेवण जेवले. नंतर रोज एक फोड माझ्यासाठी ठेवायच्या. असं कोणी भेटलं तर नाही म्हणू नका.

घरी येताना एकच काम मी आधी केलं. खोलीत गेले, मिठाचा डबा उचलला आणि ओट्यावर ठेवला. मीठ हातोहात देऊ नये, भांडण होतं, म्हणून खाली ठेवला आणि शैलाने तो तिथून उचलला. आता मिठाचा हात तिचा. एवढी काळजी घेऊनही भांडण व्हायचं ते झालंच.

आळणी संसार

ह्यांनी जाहीर केलं की घरात आता सगळेच आळणी खाणार. माझे डोळे भरून आले. पण आठवडाभरातच ह्यांचं समोरच्या घरी पेपर वाचायला जाणं वाढलं. समोरच्या वहिनींनी एक दिवस हसत सांगितलं की भावजी लोणच्याची फोड मागून खातात. माणसाने प्रेम तरी किती करावं?

पहिले काही आठवडे प्रत्येक घास ओल्या पुठ्ठ्यासारखा. चिडचिड व्हायची, ताट सरकवायचे. आणि मग एका दुपारी काकडी खाल्ली आणि थबकले. काकडी गोड असते. पन्नाशी उलटल्यावर मला हे कळलं. मग भाकरीत ज्वारी लागायला लागली, टोमॅटोत आंबटपणाच्या मागे आणखी काहीतरी लागायला लागलं. मावशींचं खरं ठरलं.

आनंदाने खाली गेले आणि ताज्या चिवड्याची चिमूट तोंडात टाकली. टाकली ती परत हातावर काढली. मीठच मीठ. शैलावर डाफरले, हात किती सढळ आहे तुझा. ती म्हणाली, तुमच्याच मापाने घातलंय. मी मापाचा चमचा बघितला. माझाच होता.

पाटी

आता मला चेव आला. जगातल्या सगळ्या माणसांच्या नडग्या मी मनाने दाबून बघायला लागले. वागळे इस्टेटच्या कॅन्टीनला जाणाऱ्या चिवड्यात मी मीठ थेट अर्ध्यावर आणायला लावलं. शैला नको म्हणत होती. वर मी पाकिटांवर चिठ्ठी लावली, 'कमी मिठाचा, हृदयाला हितकर', आणि कॅन्टीनच्या काउंटरला लावायला तशीच पाटीही करून पाठवली.

कॅन्टीनवाल्याचा फोन आला. काकी, घरातलं मीठ संपलं का? दिवसभर मशीनवर घाम गाळणारी माणसं, ती पाटी वाचत होती, तोंड वाकडं करत होती आणि वडापाव घेत होती. पाकिटं परत आली. शैलाने ती एकेक करून कोपऱ्यात रचली. मी म्हटलं, सवय होईल त्यांना, मला झाली ना?

'ताई,' ती म्हणाली, 'आजारी तुम्ही आहात, गिऱ्हाईक नाही.'

मला ते जे लागलं ना, ते मी लपवणार नाही. वर गेले, दार लावलं, जेवले नाही. आणि ती चूक बोलली होती असंही नाही, त्याचाच जास्त राग. माझी जीभ आता माझ्यापुरती झाली होती. मला जे बरोबर लागतं ते लोकांना फिकं, लोकांना जे बरोबर ते मला जहर. असल्या जिभेची बाई फरसाण काय चाखणार!

दुसऱ्या दिवसापासून खोलीत माझी एक वेगळी छोटी कढई लागली. मोठ्या कढईतलं मी तोंडात घालणं बंद केलं. दारापाशी खुर्ची टाकून बसायचे, वासावरून सांगायचे, शेंगदाणे काढ, कढीपत्ता करपेल. शैला हूं म्हणायची. एका खोलीत तिच्या कढया वेगळ्या, माझी वेगळी, आणि बोलणं कामापुरतं.

माझे हुशार पापड

माझ्या छोट्या कढईत मी रोज काहीतरी करून बघायचे. ऑक्टोबरच्या उन्हात सुचलं की पोह्याचे पापड करू, बिनमिठाचे, फक्त माझ्यासाठी. हिंग जास्त, मिरे जास्त, जिरं भाजून. लाटायला शैला आपणहून आली. राग असला तरी पापड लाटताना दोन बायका किती वेळ गप्प बसणार? हळूहळू बोलायला लागलो. नंतर रोज दुपारी ती काम थांबवून मला पापड भाजून आणून द्यायची, समेट झाल्यासारखे. मीठ नाही, तेल नाही. मी जेवताना खायचे, चहाला खायचे, मन लागेनासं झालं की खायचे. डॉक्टरने बक्षीस द्यावं असा पदार्थ!

दिवाळी तोंडावर आली, ऑर्डरींचा ढीग, आणि माझे पाय परत सुजले. धाप लागली. वजनाचा काटा रोज थोडा पुढे. पुन्हा कल्याण, पुन्हा तोच वॉर्ड. या वेळी मात्र मी घाबरले. पहिल्यांदा कारण माहीत नव्हतं. आता तर मी सगळं सोडलं होतं, मग हे कशामुळे? सगळं सोडूनही होत असेल तर पुढे हातात काय राहिलं?

आहाराचं बघणारी मुलगी आली, रोज काय काय खाता विचारायला. शैला डबा घेऊन आलेली, तीच अभिमानाने सांगायला लागली. ताई चिमूटभर मीठ खात नाहीत. पापडसुद्धा बिनमिठाचे. पोहे, हिंग, मिरे, जिरं आणि खार.

'खार म्हणजे?' मुलीने विचारलं.

'पापडखार हो. त्याशिवाय पापड फुलतो का?'

मुलीने पेन खाली ठेवलं. मग तिने नीट समजावलं, आणि तेच मी तुम्हाला सांगते. मिठात जे आपल्याला नडतं ते सोडियम. तेच पापडखारात असतं, खायच्या सोड्यातही असतं. चव खारट लागली नाही तरी पाणी धरायचं काम ते तसंच करतं.

आयुष्य फरसाणात गेलेल्या आम्ही दोघी, आणि हे डोक्यात आलं नाही, कारण आमच्या धंद्यात खाराला कोणी मीठ म्हणतच नाही. मीठ चवीचं, खार फुलवायचा. डॉक्टर मीठ म्हणाला, मी मीठ सोडलं. शेवेत सोडा, पापडात खार, ते चालूच. मला तशातही हसू आलं. कारण सापडलं होतं! म्हणजे माझं हृदय हट्टी नव्हतं, मीच त्याला पापड चारत होते. कारण सापडलं की माणूस अर्धा बरा होतो.

शैला मात्र हसली नाही. डबा आवरून निघून गेली. ती दिवाळी तिने एकटीने काढली. मी कॉटवर फटाके ऐकत होते.

मला काय जमलं

नंतरचे महिने माझे चांगले गेले. छोट्या कढईपुढे मी नव्याने फरसाण शिकले म्हणा. तुमच्या उपयोगाचं ते सांगते.

मीठ फोडणीत घालू नका. चिवड्याचा डबा रिकामा झाला की तळाला काय उरतं बघा. मीठ आणि हळद. म्हणजे घातलेलं अर्धं मीठ चिवड्याला लागतच नाही. त्यापेक्षा थोडंसं मीठ घ्या, थोडी साखर आणि आमचूर घाला, मिक्सरमधून पिठासारखं बारीक करा आणि चिवडा गरम असतानाच वरून भुरभुरवा. ते पोह्याला चिकटतं, जिभेला पहिल्यांदा तेच भेटतं. निम्म्याहून कमी मिठात काम होतं. शैला आधी याला हसली होती, म्हणे चिवड्याला पावडर लावताय.

आंबटपणा मिठाचा सख्खा भाऊ आहे. लिंबू, आमचूर, कैरीच्या दिवसांत वाळवलेला कैरीचा कीस. कढीपत्ता चुरचुरीत तळा, खोबरं लालसर करा, धणे-जिरं भाजूनच घाला. मऊ पडलेल्या चिवड्याला मीठ जास्त लागतं, कुरकुरीत असेल तर कमी चालतं, हे मला इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. चकलीला आणि शेवेला सोडा नको, मोहन कडकडीत तापवून घाला, तेवढं पुरतं.

सैंधव उपासाला चालतं म्हणून आपल्याला चालतं असं नाही, तेही मीठच. आणि बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं ते डॉक्टरला विचारल्याशिवाय आणू नका. माझ्या औषधांबरोबर ते मला चालत नाही, असं मला स्पष्ट सांगितलंय.

आणि एकदम अर्ध्यावर येऊ नका. पाटी तर मुळीच लावू नका.

शैलाची सर्दी

लग्नसराई सुरू झाली. एका घरची रुखवताच्या फराळाची मोठी ऑर्डर होती आणि नेमकी शैलाला सर्दी झाली. नाक बंद, जीभ बंद. चिवडा तयार, चाखणार कोण? ती वाटी घेऊन माझ्या खुर्चीपाशी आली आणि म्हणाली, ताई, एवढं बघाच.

मी मोठ्या कढईतलं कित्येक महिन्यांत तोंडात घातलं नव्हतं. मनाची तयारी करून चिमूट जिभेवर ठेवली. आता जहर लागणार म्हणून डोळे मिटले.

छान लागला. मीठ अगदी बरोबर.

हाच चिवडा मी हातावर काढला होता. हाच आज मला बरोबर लागतोय, म्हणजे माझी जीभ परत जुन्या ठिकाणी गेली. म्हणजे कुठून तरी माझ्या पोटात मीठ जातंय. परत कुठला तरी खार, मला न दिसणारा. मी तिथल्या तिथे वाकून नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला नाही. पुन्हा दाबला. सकाळचं वजन आठवलं, वाढलेलं नव्हतं. तरी मन मानेना.

'शैला,' मी म्हटलं, 'माझी जीभ फितूर झाली गं. मला हा बरोबर लागतोय.'

ती शिंकली. पदराने नाक पुसलं, आणि हसायला लागली. मला इतका राग आला, इथे माझा जीव चाललाय आणि ही दात काढतेय.

'तुमची जीभ जागेवर आहे, ताई,' ती म्हणाली. 'चिवडाच खाली आलाय.'

मग तिने सांगितलं. हॉस्पिटलातून डबा घेऊन निघाली त्या दिवसापासून ती दर थोड्या दिवसांनी मापातून एकेक चिमूट काढत आली होती. मिक्सरमधलं बारीक मीठ, वरून भुरभुरवून, माझंच बघून. सोडाही काढून टाकलेला. कॅन्टीनमध्ये कोणाला कळलं नाही, घरोघरी कोणाला कळलं नाही. कॅन्टीनवाल्याने तर मध्ये विचारलं, काकी, पोहे बदलले का, चांगला लागतोय.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस?

'सांगितलं असतं तर तुम्ही पाटी लावली असती.'

तिचं हसू हळूहळू गेलं. कढईच्या काठावर हात ठेवून ती खाली बघत म्हणाली, 'ते पापड मी भाजून दिले होते, ताई. रोज. माझ्या हाताने.'

म्हणजे इतके महिने ती हे मनात घेऊन कढईपुढे उभी होती. आणि मी दारात बसून समजत होते की ही माझ्यावर रुसलीय. मी उठले, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, अगं वेडे, मीठ सोडून बाकी सगळं घालायला मीच सांगितलं होतं ना तुला, खारसुद्धा. ती रडली, शिंकली, परत रडली. सर्दीमुळे काय कशाचं ते कळेना.

मी म्हटलं, अजून एक चिमूट काढलीस तरी चालेल. ती म्हणाली, गप्प बसा. मग तिने मोठ्या कढईतून एक छोटी वाटी भरली, रुखवताला जाणार होता त्याच चिवड्याची, आणि माझ्या हातात दिली. कमी मिठाच्या चिवड्याची रोज एक छोटी वाटी मला चालते, डॉक्टरनेच सांगितलंय. मी तिच्या शेजारी उभी राहून ती अख्खी खाल्ली, आणि तोंड पुसून म्हटलं, 'जाऊ दे माल.'